चार बोटं

५ मार्च

दादा,

नमस्कार-चमत्कार तू समजून घे. फोन तू उचलत नाहीस. वहिनी उचलते आणि "ते दुकानात आहेत" म्हणते. जेवायच्या वेळेलाही दुकानात, रविवारीही दुकानात. म्हणून हा कागद. शिवाय फोनवर बोललं की बाबा ऐकतात. आम्ही दोघं आता एकाच खोलीत राहतो, आणि खोली एवढी की एकानं कूस बदलायची तर दुसऱ्यानं आधी उठून बसायचं.

तुझं पार्सल पोचलं. बाबा बसमधून उतरले तेव्हा हातात एक पिशवी. तिच्यात दोन शर्ट, मापाची टेप आणि तुझी चिठ्ठी: "तिथे आहेस तर बघ." चार वर्षांनी तुझं पत्र आलं तेही चार शब्दांचं. बरोबर यायला झालं नाही? माणूस सोडच, पाण्याची बाटलीसुद्धा दिली नव्हतीस.

आल्या आल्या माझ्याकडे पाहून म्हणाले, "जाड झालास." बस. तेवढंच. मीही म्हटलं, "तुम्ही बारीक झालात." आमचं बोलणं संपलं.

आता रोगाचं. अन्ननलिकेत गाठ आहे, छातीच्या मधोमध. मोठ्या डॉक्टरांनी दुर्बीण घालून पाहिली. विचारलं, त्रास कधीपासून? बाबा म्हणाले, आठ महिने घास अडकतोय. मग इतके दिवस काय केलंत? तर बाबा अगदी गंभीर चेहऱ्यानं म्हणतात, "मोठ्या मुलानं सगळ्या शर्टांच्या कॉलर अर्धा इंच सैल करून दिल्या. तरी फरक पडला नाही." डॉक्टर आधी हसले, मग चष्मा काढून डोळे चोळत बसले. शाबास दादा. तुमच्या दुकानात रोगसुद्धा माप घेतल्याशिवाय आत येत नाही.

आमचं हॉस्पिटल दोन मजली समज. खालच्या मजल्यावर यंत्र, सुया, सलाईन. वरच्या मजल्यावर तेल, काढे, श्वासाचे व्यायाम, खाण्यापिण्याचा सल्ला. वरच्या डॉक्टरीणबाई सगळ्यांना पहिल्याच दिवशी बजावतात, "गाठीचं काम खाली, माणसाचं काम वर. तेलानं गाठ जाते असं इथे कोणी म्हटलं तर मला येऊन सांगा." मी वरचा. मालिशवाला. व्यायामशाळेत पैलवानांच्या पाठी रगडून शिकलो, इथे येऊन हलक्या हातानं करायला शिकलो. झोप येत नाही, मळमळतं, पाय दुखतात, अशी माणसं माझ्याकडे पाठवतात. माझ्या टेबलावर घोरायला लागतात.

बाबांना यंत्राखाली पंचवीस बैठका आहेत. सोमवार ते शुक्रवार, रोज एक. तीन झाल्या.

येणार असलास तर कळव. येणार नाहीस हे मला माहीत आहे.

धाकटा

१२ मार्च

दादा,

आठ बैठका झाल्या. दूध आणि पातळ खाणं जातंय. तू विचारलं नाहीस, मी सांगतोय.

यंत्राचं सांगतो, म्हणजे दुकानात कोणी विचारलं तर तुला दोन वाक्यं बोलता येतील. छातीवर जांभळ्या शाईनं तीन फुल्या काढतात. एक मधे, दोन दोन्ही बगलांखाली. भिंतींतून लाल उजेडाच्या रेघा येतात, त्या या फुल्यांवर जुळल्या की यंत्र चालू. फुली हलली की किरणही हलले. म्हणून छातीला साबण नाही, घासणं नाही. आणि आम्हा वरच्या मजल्यावाल्यांना सक्त ताकीद: रेघेच्या आसपास तेलाचा थेंब जाता कामा नये. हात, पाय, मान, आणि पाठीचा खालचा भाग. संपलं.

फुल्या काढणारी बाई आहे, तिला सगळे रेघवाली म्हणतात. काडीसारखी बारीक, बोलायला कात्री. बाबांचं आणि तिचं पहिल्या दिवसापासून जमलं. बाबा झोपल्या झोपल्या तिला म्हणाले, "बाई, हात पक्का आहे तुमचा. आमच्याकडे असतात तर कटिंगला बसवलं असतं." ती म्हणाली, "आजोबा, कापायचं काम शेजारच्या खोलीत चालतं, इथे फक्त आखणी." बाबा हसले. खरं सांगतोय, दात दिसले. आपल्याला कधी दाखवले नाहीत ते.

मी तिला विचारलं, एवढं नेमकं कसं काढतेस? म्हणाली, नकाशा असतो, कॉम्प्युटरवरून मापं येतात. मग बाबांच्या छातीवरचा काळा तीळ दाखवून म्हणाली, "पण माझी स्वतःची खूण म्हणजे हा तीळ. तिळापासून आतल्या बाजूला चार बोटं, तिथे मधली फुली. चुकली तर लगेच कळतं."

बाबा मला टेबलावरसुद्धा सोडत नाहीत. पाय चोळताना परवा म्हणाले, "त्या कोटाचं कापड असंच चोळलं असतंस तर निदान सुरकुत्या तरी गेल्या असत्या." चार वर्षं झाली, दादा. एका गिऱ्हाइकाचा कोट मी चुकीचा कापला, त्यांनी मला गिऱ्हाइकासमोर लाकडी पट्टीनं मारलं आणि मी त्याच संध्याकाळी निघालो. तू गल्ल्यामागे उभा होतास. कापडाकडे बघत होतास, माझ्याकडे नाही. असो.

धाकटा

१७ मार्च

दादा,

सगळं ठीक आहे. दहा झाल्या, आज अकरावी. काळजीचं कारण नाही. काही झालेलं नाही.

बाबांना झोप चांगली लागते.

इकडे फार काम आहे, म्हणून थोडक्यात.

धाकटा

२९ मार्च

दादा,

मागच्या पत्रात 'काही झालेलं नाही' असं मी लिहिलं. तू जर मला ओळखत असतास तर तेव्हाच समजला असतास. ज्या पोरानं काही केलेलं नसतं तो असं लिहीत नाही.

तेरा तारखेला, गुरुवारी, नवव्या बैठकीनंतर बाबा वर आले. खांदा धरला होता. मी मानेपासून सुरुवात केली. थोड्या वेळानं ते म्हणाले, "बरं वाटतंय." मला वाटलं, दुसऱ्या कोणाला म्हणाले. मी दाराकडे बघितलं. दारात कोणी नव्हतं. मग म्हणाले, "थांबू नकोस. वर घे. अजून पुढे. गुण आहे तुझ्या हाताला."

दादा, तुला रोज ऐकायला मिळत असेल. मला सव्वीस वर्षांत एकदा मिळालं. मी थांबलो नाही. खांद्यावरून पुढे, गळ्याच्या हाडावरून छातीकडे. कोमट तेल, भरपूर. ते घोरायला लागले आणि मी खाली बघितलं तर माझे तळवे जांभळे. मधली फुली गेली होती. बगलेखालची एक अर्धी पुसली होती, तेल ओघळून.

त्या वेळी दार उघडून खाली जायचं आणि रेघवालीला सांगायचं, एवढंच काम होतं. चोवीस पायऱ्या. तिनं मला दोन शिव्या दिल्या असत्या, नकाशा काढला असता, पुन्हा आखलं असतं. मला कामावरून काढून टाकलं असतं हे नक्की. मागच्या वर्षी एकाला याच कारणानं काढलं.

मी खाली गेलो, पण ती जेवायला गेली होती. तिच्या खणातलं जांभळं पेन घेऊन आलो. बाबांची छाती पुसून कोरडी केली. तिळापासून आत चार बोटं मोजली. फुली काढली. बगलेखालची, उरलेल्या अर्धीला जोडून. पेन परत ठेवलं. दुसऱ्या दिवशी तिनं नेहमीसारखं फिक्या रेघा गिरवल्या. माझ्याच रेघा गिरवल्या. किरण जागेवर पडतात का हे फोटो काढून तपासणारा यंत्राचा भाग महिनाभर बंद आहे, दुरुस्तीचा माणूस यायचा आहे. मी म्हटलं, सुटलो.

आता ऐक. काल चहाच्या खिडकीपाशी ती माझ्याशेजारी उभी होती. कपाभोवती तिची बोटं होती. मी माझ्या हाताकडे बघितलं. तिची चार बोटं म्हणजे माझी अडीच.

पैलवान रगडलेली बोटं आहेत ही. आणि शेजारी, माझ्या खोलीत, पिशवीत बाबांची टेप पडलेली होती. शिंप्याचा मुलगा मी.

काल संध्याकाळी बाबांचा शर्ट बदलताना नीट पाहिलं. किरणांनी कातडी लालसर होते. बाबांचा लाल चौकोन छातीच्या मधोमध नाही. सरकलेला आहे, आडवा, बाजूला. दोन दिवसांपासून खोकतायत.

पाच बैठका उरल्यात. सोमवारी सांगतो.

धाकटा

५ एप्रिल

दादा,

नाही सांगितलं.

पंचवीस झाल्या. काल शेवटची. खालच्या लोकांनी टाळ्या वाजवल्या, शेवटच्या बैठकीला वाजवतात. बाबांनी मान तुकवली, पुरस्कार मिळाल्यासारखी.

सोमवारी मी सांगायलाच गेलो होतो, हे लिहून ठेवतो. यंत्राच्या खोलीबाहेर उभा होतो, बाबा आत टेबलावर. दार उघडंच होतं. तेवढ्यात रेघवालीच म्हणाली, "आजोबा, ही मधली फुली माझ्या हातची नाही वाटत. वळण वेगळं आहे. कोणी काढली?" म्हटलं, आता आपसूक होईल, मला तोंड उघडायला नको.

बाबा म्हणाले, "मीच गिरवली. पुसट झाली होती. शिंपी आहे बाई मी, चाळीस वर्षं रेघा मारतोय. तुमच्या रेघेवरच मारली, सूतभर इकडे नाही की तिकडे नाही."

तिनं घड्याळाकडे पाहिलं. बाहेर बाकावर तीस माणसं. म्हणाली, "तुम्ही म्हणून चालवून घेते. दुसऱ्या कोणाचं ऐकलं नसतं. पुन्हा हात लावायचा नाही." आणि खाटकन लाल उजेड लावला.

खोलीवर आल्यावर मी विचारलं, खोटं का बोललात? बाबा काढ्याचा पेला तोंडाला लावून बसले होते. म्हणाले, "पेन छातीला गार लागलं तेव्हाच जागा झालो होतो. डोळे उघडले नाहीत. हात थरथरला नाही तुझा. म्हटलं, शिकला गाढव." मग पेला खाली ठेवून, "नोकरी जाईल म्हणून घाबरलास ना? बापानं सांभाळलं. आता गप्प बस."

मी म्हटलं, बाबा, पण मोजून बघायला हवं होतं. टेप आहे पिशवीत.

"तू काढलीस ना? मग कशाला मोजू?"

दादा, तू मारलेली रेघसुद्धा ते मोजतात. अजून मोजतात, मला माहीत आहे. आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी माझी रेघ न मोजता घेतली. तेव्हा मी काय बोलणार होतो? तू बोलला असतास?

आणि साव होऊ नकोस. माझं आधीचं पत्र तुला दोन तारखेला मिळालं असणार. दोन, तीन आणि चार तारखेच्या मिळून तीन बैठका तेव्हा उरल्या होत्या. हॉस्पिटलचा फोन नंबर वहिनीच्या वहीत आहे, मीच दिलाय. एका फोनचं काम होतं. तूही कापडाकडेच बघत बसलास.

धाकटा

२२ एप्रिल

दादा,

तुझं पत्र आलं. म्हणजे तुला लिहिता येतं. "तुझ्या हातून काहीतरी होणार हे मला माहीत होतं. इकडे गणवेशांची मोठी ऑर्डर आहे. बाबांना विचारून काय ते ठरव." वा. माहीत होतं तर पाठवलंस कशाला?

काल मोठ्या डॉक्टरांनी पुन्हा दुर्बीण घातली. पातळ खाणंही अडकायला लागलं होतं. आता दूधसुद्धा घोट घोट, आणि दर घोटाला बाबा भिंत धरतात. डॉक्टरांनी पडद्यावर गाठ दाखवली. म्हणाले, "रोग हट्टी आहे. पहिल्या पंधरवड्यात गाठ थोडी आकसली होती, मग तशीच राहिली. पूर्ण डोस देऊनही हललेली नाही."

मी विचारलं, अजून बैठका देता येणार नाहीत का?

म्हणाले, "त्या जागेला जेवढे किरण सोसतात तेवढे देऊन झाले. कागदावर पंचवीस आहेत. त्यावर एक जरी दिली तर अन्ननलिकेला भोक पडेल. आता आतून जाळीची नळी बसवू, म्हणजे दूध तरी उतरेल. मग घरी न्या. वरच्या मजल्यावरून झोपेचं, दुखण्याचं सगळं शिकवून पाठवतो."

"किती दिवस?" हे बाबांनीच विचारलं. कपडा कधी मिळेल असं गिऱ्हाईक विचारतं तसं.

डॉक्टर म्हणाले, "महिने. फार नाहीत."

समजलं का तुला, दादा? कागदावर पंचवीस आहेत. गाठीवर नीट पडल्या त्या नऊ. बाकीच्या सोळा कडेनं गेल्या, फुप्फुसात, म्हणून तो खोकला. हे खरं डॉक्टरांना कळलं तर ते नवा नकाशा काढून पुन्हा देऊ शकतात. नाही कळलं तर नळी, आणि घर. जगात हे दोघांना ठाऊक आहे, एक मी आणि एक तू.

खाली उतरताना बाबा माझ्या खांद्यावर हात ठेवून चालत होते. जिन्यात रेघवाली भेटली. तिला म्हणाले, "तुमच्या यंत्रानं नाही झालं बाई. वाईट वाटून घेऊ नका. पोराच्या हातानं मात्र झोप दिली." तिच्या डोळ्यांत पाणी आलं. मी चपलेकडे बघत होतो. नळी शुक्रवारी बसवणार आहेत.

धाकटा

२७ एप्रिल

दादा,

गुरुवारी सांगितलं.

मोठे डॉक्टर, बाबा, मी, आणि कागद घेऊन आलेली रेघवाली. डॉक्टर नळीचं समजावत होते, मी मधेच बोललो. तेलापासून बोटांपर्यंत सगळं. कसं सांगितलं आठवत नाही. रेघवाली मधेच म्हणाली, "पण आजोबा म्हणाले, त्यांनी..." आणि थांबली. सगळे बाबांकडे बघायला लागले.

डॉक्टरांनी स्वतः उठून बाबांचा शर्ट काढला. लाल चौकोनाचा आता तपकिरी डाग झालाय. नकाशाचा कागद शेजारी धरला, पट्टी लावली. दोनदा लावली.

बाबांनी विचारलं, "किती?"

"अडीच सेंटीमीटर."

"म्हणजे इंच," बाबा म्हणाले. "इंच चुकला तर बाहीसुद्धा बसत नाही."

मग माझ्याकडे न बघता, "बोटांनी मोजलंस?"

"हो."

मला वाटलं, आता मारतील. समोर लोखंडी पट्टी पडली होती. मारलं असतं तर बरं झालं असतं. त्यांनी शर्टाची बटणं लावायला घेतली. वरचं बटण लागेना. मी पुढे झालो. म्हणाले, "हात लावू नकोस."

रेघवालीला ते म्हणाले, "बाई, मी तुमच्याशी खोटं बोललो. माझ्या नावावर लिहा." तिच्यावर चौकशी बसलीय. मला त्याच दिवशी काढलं. वरच्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "वाईट हाताच्या माणसाला मी नुसतं काढलं असतं. तुझा हात चांगला होता म्हणून तुझं तोंड बघवत नाही." खोली मंगळवारपर्यंत सोडायची आहे.

नळी थांबवली. डॉक्टरांनी दोन दिवस गणित मांडलं. पंधरा बैठका देता येतील म्हणाले. आधीइतकी आशा नाही, पण आहे. गाठ थोडी वाढलीय, फुप्फुस थोडं भाजलंय, पण दार बंद झालेलं नाही. पाच मे, सोमवारी सुरू. फोटोचं यंत्र दुरुस्त झालंय, रोज फोटो काढून मगच देणार.

काल बाबांनी सही केली. मोठी, ठळक, गिऱ्हाइकाच्या पावतीवर करतात तशी. मग कारकुनानं पुढचा रकाना विचारला: जवळचा नातेवाईक. रोज बरोबर येणारा आणि कागदावर सही करणारा माणूस असल्याशिवाय बैठका सुरू करत नाहीत. या वेळी धोका जास्त आहे, म्हणून नियम कडक.

बाबांनी तुझं नाव सांगितलं.

कारकून म्हणाला, "ते इथे असतात का?"

"येईल."

मी दाराशी उभा होतो. मी म्हटलं, मी आहे ना, मी इथेच आहे, नोकरी नाही तर दिवसभर मोकळाच आहे. कारकुनानं पेन उचललं आणि बाबांना विचारलं, "हे कोण तुमचे?"

बाबांनी माझ्याकडे नीट पाहिलं. चार वर्षांत एवढा वेळ पाहिलं नव्हतं.

"मालिशवाला होता इथला," ते म्हणाले. "काढून टाकलाय."

कारकुनानं पुढचा रकाना घेतला.

दादा, गणवेश कोणीही शिवेल. पाच तारखेला सकाळी नऊ वाजता, खालचा मजला, डावीकडची खिडकी. तुझं ओळखपत्र आण. तू नऊला तिथे नसलास तर ते बाबांना परत पाठवतील आणि नळी बसवतील. मी फाटकाबाहेर असेन, आत सोडत नाहीत. मी ओरडलो तरी कोणी ऐकणार नाही, माझं नाव कुठेच नाही.

तुझं आहे.